जहाजाचा भाजीपाला

बंदरावरचे साहेब आले होते,
मार्केट यार्डाच्या हॉलमध्ये, पडद्यावर निळंच निळं दाखवत.
एक जहाज म्हणजे तीन हजार माणसांचं तरंगतं गाव, म्हणाले,
ते धक्क्याला लागलं की टॅक्सीवाला जगतो,
नारळवाली जगते, काजूवाला जगतो,
किनारा वर येतो.

त्यांचा नकाशा घाटाच्या पायथ्याशी संपत होता.
बेळगाव असतं तर साधारण
भिंतीवरच्या पंख्याच्या बटणापाशी आलं असतं.
कुणी काही बोललं नाही.
नकाशाच्या काठाशी बसायची सवय आहे आम्हाला.

मागून फक्त भरमाण्णा तारिहाळकर उठला:
"साहेब, गाव म्हणालासा, म्हणजे जेवत असंल की!"

तेवढ्यावर ऑर्डर मिळाली.

गाजर सात इंच, सरळ.
कोबी नऊशे ग्रॅम, वर नाही, खाली नाही.
बीन्स वाकलेली नकोत.
मातीचा कण दिसला तर अख्खा क्रेट परत.

मी चाळीस वर्षं माती लागलेलं गाजर विकलं,
मातीवरूनच गिऱ्हाईक म्हणायचं, ताजं आहे.
आता मोटारीच्या पाइपाखाली बसते,
पायात पिशव्या बांधून,
दात घासायच्या ब्रशनं गाजराच्या सुरकुत्या घासते.
सून मोजपट्टी धरते. शाळेतली. नातवाची.
दोन पाय फुटलेलं गाजर निघालं की ती हसते,
"हे चालत जाईल, अत्ती, बोटीपर्यंत."
म्हशीच्या पुढ्यात टाकतो ते.

मंगळवारी रात्री अकराला ओमाणीचा ट्रक निघतो.
क्रेटवर गावाचं नाव कन्नडात छापलेलं,
त्यावर ओमाणीनं खडूनं मराठीत लिहिलेलं,
बंदरात दोन्हींवर चिकटपट्टी लागते.
कागदावर म्हणे लिहितात, उगम: गोवा.
ओमाणी हे सांगतो तेव्हा
सगळ्यांत आधी तोच हसतो.

एकदा चोर्ल्यात टँकर आडवा झाला.
पहाटे पाचची वेळ, तो गेटावर पोचला आठला.
जहाज निघून गेलेलं.
पाण्यावर नुसता एक चकचकीत पट्टा होता, म्हणाला,
सायकलचा माग असावा तसा.
जहाज थांबत नाही, बाळाक्का,
ते एसटी नव्हे.

चाळीस क्रेट परत घाट चढले.
पैसे कोण देणार, हे अजून ठरायचं आहे.
यार्डात दर पडलेला, कुणी हात लावीना,
म्हणून दारोदार वाटली.
चार दिवस सगळं गाव सात इंची गाजर खात होतं.
पोरं पट्टीनं मोजून खात होती.
काशव्वानं, जिनं माझ्याशी बांधावरून बोलणं टाकलं होतं,
तिनं हलव्याची वाटी पाठवली,
वाटी मी अजून परत केलेली नाही.
रिकामी कशी द्यायची, या विचारात आहे.

समुद्र मी पाहिलेला नाही.
रिकामे क्रेट परत येतात, त्यात येतो थोडा:
ओला, मासळीचा, डिझेलचा वास,
तळाशी वाळू,
एकदा कागदाची बोटभर छत्री,
नातवानं ती पेरूच्या फांदीला लावली.

आणि एकदा पत्त्याएवढं पांढरं प्लास्टिक,
एका बाजूला काळी पट्टी.
ओमाणी म्हणाला, ही खोलीची चावी.
दात नाहीत, भोक नाही, कसली चावी?
आत गाद्या असतात, म्हणाला,
आणि भिंतीएवढी काच,
निजल्या निजल्या पाणी दिसतं.

मी ती पदराच्या गाठीत ठेवली होती काही दिवस.
मग पाहिलं, कड चांगली आहे.
खुरप्याला चिकटलेला चिखल
एका ओढीत निघतो तिच्यानं.

उद्या मंगळवार.
सून विचारते, पट्टी कुठं गेली.
नातवाची भूमितीची परीक्षा आहे,
घेऊन गेलाय.
आज वीतभर धरून मोजू.